इंजिनाचा डीकोडर आणि शॉर्ट सर्किट : ‘ट्रिप’ची मर्यादा किती ठेवायची?



दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ आहे. त्यात शॉर्ट सर्किट, ओव्हरलोड, फ्यूज, एमसीबी हे शब्द येतात. परीक्षेत दोन-तीन मार्कांचा प्रश्न येतो, आपण उत्तर पाठ करतो आणि पुढच्या पाठाकडे जातो. आज हाच विषय मी एका छोट्या रेल्वेगाडीच्या मदतीने समजावून सांगणार आहे. ही गाडी टेबलावर धावते, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि इंजिन आपल्या तळहातावर मावतं. पण तिच्यात शॉर्ट सर्किट झालं, की नियम तेच लागू होतात जे भोसरीच्या वर्कशॉपमध्ये किंवा चाकणच्या कारखान्यात लागू होतात.

अशी गाडी कधी पाहिली नसेल, तर एखाद्या रविवारी आईबाबांना घेऊन पुण्याला कोथरूडमध्ये जा. भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे १९९८ पासून सर्वांसाठी खुलं आहे. सिग्नल, पूल, सर्कस, रस्ते आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या बघताना मोठी माणसंसुद्धा लहान होतात.

आधी माझी चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही अशीच गाडी मांडली होती. इंजिन एका विद्यार्थ्याचं होतं. त्याच्या मामाने परदेशातून आणलेलं, त्यामुळे तो ते रोज रुमालात गुंडाळून आणायचा आणि रुमालात गुंडाळून न्यायचा. कंट्रोलर स्टेजजवळच्या सॉकेटपाशी आणि टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये सुमारे १० मीटर बारीक वायर. कंट्रोलरची शॉर्ट सर्किट मर्यादा ३ अँपिअरवर ठेवली होती.

सकाळपासून गाडी सांध्यावर, म्हणजे जिथे एका रुळाचे दोन रूळ होतात तिथे, आली की कंट्रोलर ट्रिप व्हायचा. गाडी बंद, पाहुणे समोर, मुलं माझ्या तोंडाकडे बघतायत. मी काय केलं? मर्यादा ३ वरून ५ अँपिअर केली. ट्रिप होणं थांबलं. मी मनात म्हटलं, झालं काम.

अर्ध्या तासाने जळका वास आला. इंजिन सांध्यावर अडकून उभं होतं, पुढच्या बोगीचं प्लास्टिक मऊ होऊन एक चाक तिरकं झालं होतं आणि आतला डीकोडर गेला होता. कंट्रोलर मात्र शांतपणे चालू होता. त्याच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं!

त्या मुलाने इंजिन पुन्हा रुमालात गुंडाळलं. मला काही बोलला नाही. तेच मला जास्त लागलं.

नंतर गुरुवारी त्याचे वडील शाळेत आले. आपल्याकडे एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते, हे तुम्हाला माहीत आहेच. ते चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “सर, ते राहू द्या. ट्रिप का होतंय ते आधी बघितलं होतं का?” मी नाही म्हणालो. मग आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो आणि पुढचे दोन तास मी विद्यार्थी होतो. त्या दिवशी जे शिकलो आणि नंतर वाचून जे पक्कं केलं, ते इथे लिहितोय.

डीकोडर म्हणजे काय?

साध्या खेळण्यातल्या गाडीत रुळांवर कमी-जास्त व्होल्टेज देऊन वेग बदलतात. त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिनं एकदमच धावतात. डिजिटल पद्धतीत, जिला डीसीसी म्हणतात, रुळांवर कायम एकच व्होल्टेज असतं, साधारण १४ ते १५ व्होल्ट. त्या व्होल्टेजची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या उलटण्याच्या वेळेतच संदेश लपलेला असतो. उलटण्याचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘१’, आणि १०० मायक्रोसेकंद किंवा जास्त असेल तर ‘०’. झाली की नाही द्विमान पद्धत!

जर्मनीतील लेंझ कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीवरून अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात याचं मानक तयार केलं. म्हणून एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाशी बोलू शकतो.

प्रत्येक इंजिनात एक छोटा सर्किट बोर्ड असतो. तो म्हणजे डीकोडर. तो रुळांवरून वीज आणि संदेश दोन्ही घेतो, “हा संदेश माझ्यासाठी आहे का?” हे पत्ता बघून ठरवतो आणि मोटरला हवी तेवढी वीज देतो. डीकोडरच्या आत काही कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात ० ते २५५ यातला एक आकडा ठेवता येतो. या कप्प्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये इंजिनाचा पत्ता, सीव्ही २ मध्ये सुरुवातीचं व्होल्टेज, सीव्ही ३ मध्ये वेग किती हळूहळू वाढवायचा ते, सीव्ही ४ मध्ये किती हळूहळू थांबायचं ते, अशी ती यादी असते. आकडे २५५ पर्यंतच का? कारण प्रत्येक कप्पा ८ बिटचा आहे. २ चा आठवा घात २५६, आणि मोजणी शून्यापासून.

संरक्षण एकाच ठिकाणी नसतं

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. “शॉर्ट सर्किटची सेटिंग” म्हटलं की एकच बटण असेल असं वाटतं. प्रत्यक्षात चार पहारेकरी असतात.

१. डीकोडर. हा फक्त स्वतःच्या पुढची, म्हणजे मोटर आणि दिव्यांची बाजू सांभाळतो. मोटर अडकली किंवा मोटरच्या वायरी एकमेकींना चिकटल्या तर तो मोटरचा पुरवठा बंद करतो.

२. विभागाचा ब्रेकर. मोठ्या मांडणीत रुळांचे विद्युत विभाग पाडतात. एका विभागात शॉर्ट झालं तर तेवढाच बंद पडावा म्हणून प्रत्येकाला वेगळा इलेक्ट्रॉनिक ब्रेकर असतो.

३. कंट्रोलर किंवा बूस्टर. हा सगळ्या रुळांना वीज देतो आणि एकूण धारा मर्यादेबाहेर गेली की सगळंच बंद करतो.

४. घरातला एमसीबी. हा २३० व्होल्टच्या बाजूला असतो. गाडीच्या रुळावरचं शॉर्ट त्याच्यापर्यंत पोहोचतसुद्धा नाही, कारण मध्ये अ‍ॅडाप्टर आहे.

आता महत्त्वाचं. चाक सांध्यावर दोन्ही रुळांना एकदम टेकलं, तर धारा एका रुळातून चाकात आणि चाकातून दुसऱ्या रुळात जाते. किंवा बोगीच्या एका टोकाने आत शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. ती मोटरकडे जातच नाही. मग डीकोडरचं मोटर संरक्षण कितीही नीट लावलं असलं, तरी त्याला हे शॉर्ट दिसत नाही! ते बघायचं काम दुसऱ्या आणि तिसऱ्या पहारेकऱ्याचं. उलट मोटर अडकली तर डीकोडरने बघायचं, कारण अडकलेली मोटर १ ते २ अँपिअर ओढेल आणि ५ अँपिअरच्या बूस्टरला ते नेहमीचंच वाटेल.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी पहिला प्रश्न हा : शॉर्ट कुठे होतंय? रुळाच्या बाजूला की मोटरच्या बाजूला?

माझ्या प्रदर्शनात नेमकं काय झालं? थोडं गणित

वही-पेन घ्या. ओहमचा नियम आठवा : धारा = विभवांतर ÷ रोध.

आमची वायर बारीक, सुमारे ०.२ चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या अशा वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०९ ओहम. जाण्याची १० मीटर आणि येण्याची १० मीटर मिळून २० मीटर. म्हणजे सुमारे १.८ ओहम. सैल जोड धरले तर २ ओहम. इंजिनाच्या बाजूला, म्हणजे चाकाचा निसटता स्पर्श आणि बोगीतली केसासारखी वायर मिळून, समजा आणखी २ ओहम. एकूण ४ ओहम.

शॉर्ट झाल्यावरची धारा = १५ ÷ ४ = ३.७५ अँपिअर.

बघा आता. मर्यादा ३ असताना ३.७५ जास्त आहे, म्हणून कंट्रोलर ट्रिप होत होता. तो आपलं काम चोख करत होता. मी मर्यादा ५ केली. ३.७५ ही ५ पेक्षा कमी. म्हणजे कंट्रोलरच्या लेखी हे शॉर्टच नाही, कोणीतरी दोन-चार इंजिनं जास्त चालवतंय एवढंच!

आणि त्या वेळात इंजिनात किती उष्णता तयार होत होती? शक्ती = धारेचा वर्ग × रोध. ३.७५ × ३.७५ × २ = सुमारे २८ वॅट. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे मी त्या मुलाच्या इंजिनाच्या पोटात तापलेली सोल्डरिंग इस्त्री ठेवून पाहुण्यांना माहिती देत उभा होतो.

मग उपाय काय होता? त्याच्या वडिलांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटरची टाकली. तिचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम, २० मीटरला ०.१४ ओहम. आता तेच शॉर्ट झालं तर एकूण रोध २.१४ ओहम आणि धारा सुमारे ७ अँपिअर. ५ ची मर्यादा असती तरी ट्रिप झालं असतं. दुसरी, मर्यादा पुन्हा ३ वर आणली.

हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. शॉर्ट सर्किटची धारा वाढवायची? हो! शॉर्ट झालंच तर धारा इतकी मोठी व्हायला हवी, की पहारेकऱ्याला ती लगेच ओळखू यावी. धोका असतो तो अर्धवट शॉर्टचा. तो ट्रिप होऊ देत नाही आणि तापत राहतो.

नाण्याची कसोटी

रेल्वेचे हौशी लोक यासाठी एक साधी चाचणी करतात. कंट्रोलर चालू करा, इंजिनं बाजूला काढा आणि दोन्ही रुळांवर आडवं एक नाणं टेकवा. आपलं एक रुपयाचं नाणं १६.५ मिमी अंतरावर सहज टेकतं. ताबडतोब ट्रिप झालं पाहिजे. नाणं उचललं की पुन्हा चालू झालं पाहिजे.

हे एकाच जागी करून थांबू नका. प्रत्येक विभागात, रुळाच्या प्रत्येक लांबच्या टोकाला, प्रत्येक सांध्याच्या पुढे-मागे करा. एखाद्या ठिकाणी ट्रिप झालं नाही, तर नाणं लगेच काढा. तिथे रोध जास्त आहे. रुळांचे जोड घट्ट करा, तिथे मुख्य वायरीपासून वेगळी जोडवायर द्या आणि पुन्हा तपासा. त्या जागेसाठी मर्यादा वाढवणं हा उपाय नाही.

एक ताकीद. हा प्रयोग फक्त १५ व्होल्टच्या रुळावर करायचा. घरातल्या सॉकेटजवळ असलं काही करायचा विचारसुद्धा मनात आणू नका. २३० व्होल्ट जीव घेतात.

आता डीकोडरच्या सेटिंगकडे

पायरी-पायरीने जाऊ. घाई केली तर काही हजार रुपयांचा डीकोडर एका क्षणात जातो.

पायरी १. मल्टिमीटरने तपासणी. डीकोडर बसवण्याआधी मोटरची दोन्ही टोकं इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यापासून आणि चाकांकडून येणाऱ्या वायरींपासून वेगळी आहेत का ते बघा. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक टोक तपासा. बीप वाजला, तर रुळाची वीज थेट डीकोडरच्या मोटरकडच्या टोकावर मागून शिरेल. जुन्या इंजिनांमध्ये मोटरचं एक टोक सांगाड्यालाच जोडलेलं असतं, तिथे हमखास ही चूक होते. अशा वेळी कुठल्याही सेटिंगवर भरवसा ठेवू नका.

पायरी २. मोटरची अडकलेली धारा मोजा. डीकोडर काढलेला असताना मोटरला १२ व्होल्ट डीसी द्या, मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा आणि चाकं एक-दोन सेकंद बोटाने धरून ठेवा. जो आकडा दिसेल तो लिहून घ्या आणि लगेच सोडा. हा आकडा डीकोडरच्या क्षमतेपेक्षा कमी असला पाहिजे. मोटर १.८ अँपिअर ओढते आणि डीकोडर १ अँपिअरचा आहे, तर सेटिंग बदलून तो २ अँपिअरचा होणार नाही. मोठा डीकोडर घ्या किंवा मोटर साफ करून तेल द्या.

पायरी ३. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंगच्या रुळावर. कंट्रोलरला या कामासाठी वेगळी जोडणी असते. मानकाप्रमाणे तिथे धारा २५० मिलीअँपिअरपर्यंतच मर्यादित ठेवलेली असते. त्यामुळे वायर चुकली असली तरी डीकोडर जळण्याची शक्यता फार कमी होते. इथे सीव्ही १ वाचून बघा. डीकोडर उत्तर कसं देतो माहीत आहे? तो मोटरला क्षणभर वीज देऊन निदान ६० मिलीअँपिअरचा, सुमारे ६ मिलिसेकंदांचा एक झटका देतो, इंजिन किंचित दचकतं आणि कंट्रोलरला कळतं की “हो” म्हणाला. उत्तर आलं नाही तर वायरिंग पुन्हा बघा. मुख्य रुळावर ठेवण्याची घाई करू नका.

पायरी ४. माहितीपत्रकातला तक्ता. मोटरच्या जादा धारेपासून किंवा दिव्यांच्या शॉर्टपासून संरक्षण बहुतेक डीकोडरमध्ये आधीपासून चालू असतं. काहींमध्ये ते बदलताच येत नाही, काहींमध्ये सीव्हीने कमी-जास्त करता येतं. कोणत्या सीव्हीने, हे मात्र कंपनीप्रमाणे वेगळं. मानकात सीव्ही ४७ ते ६४ आणि ११२ ते २५६ हे कप्पे प्रत्येक कंपनीला आपापल्या वापरासाठी मोकळे सोडले आहेत आणि अशा सेटिंग सहसा तिथेच असतात. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या डीकोडरमध्ये कधीही टाकू नका. सीव्ही ८ वाचलात तर कंपनीचा क्रमांक मिळतो. त्यावरून खात्री करा, मग त्या मॉडेलचं पत्रक उघडा.

पायरी ५. बदल एका वेळी एकच. जुना आकडा वहीत लिहा, नवा आकडा टाका, गाडी चालवून बघा. फसलं तर परत येता आलं पाहिजे. अगदीच गोंधळ झाला तर अनेक डीकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्यावर सगळं कारखान्यातून आलं तसं होतं आणि पत्ता पुन्हा ३ होतो. पण पत्रक बघूनच.

सीव्ही २९ : ट्रिपनंतर पळत सुटणारं इंजिन

हे मला फार उशिरा कळलं. शॉर्ट झालं, बूस्टर ट्रिप झाला, दोन सेकंदांनी वीज परत आली आणि एखादं इंजिन आदेश नसताना पूर्ण वेगाने पळत सुटलं! टेबलाच्या कडेला असेल तर थेट फरशीवर.

कारण असं. अनेक डीकोडर डिजिटल आणि जुन्या साध्या डीसी अशा दोन्ही रुळांवर चालतात. वीज परत येताना क्षणभर संदेश नीट मिळाला नाही, तर डीकोडरला वाटतं की आपण साध्या डीसी रुळावर आहोत आणि १५ व्होल्ट म्हणजे पूर्ण वेग. तुमच्याकडे फक्त डिजिटल रूळ असतील तर ही सोय बंद करून टाका. ती सीव्ही २९ मध्ये असते.

सीव्ही २९ हा आकडा म्हणजे अनेक स्विचांची बेरीज आहे. दिशा उलटी असेल तर १, वेगाच्या २८ किंवा १२८ पायऱ्या असतील तर २, साध्या डीसीवर चालायची परवानगी असेल तर ४, लांब पत्ता असेल तर ३२. समजा तुमचा आकडा ६ आहे. ६ = २ + ४. डीसीची परवानगी काढायची म्हणजे ४ वजा करायचे. नवा आकडा २. लांब पत्त्याच्या इंजिनात ३८ असेल तर? ३८ = ३२ + ४ + २. नवा आकडा ३४. आकड्यात ४ मिळवलेलाच नसेल तर वजा करू नका, नाहीतर दुसरंच काहीतरी बदलेल.

किती अँपिअर आणि किती वेळ?

आतापर्यंत आपण फक्त “किती” बघितलं. संरक्षणात “किती वेळ” हेही तितकंच महत्त्वाचं.

आवाज काढणाऱ्या इंजिनात मोठे कपॅसिटर असतात. वीज चालू होताच ते सगळे एकदम भरू लागतात आणि क्षणभर मोठी धारा ओढतात. अशी पाच-सहा इंजिनं एका विभागात असली, तर ब्रेकरला ते शॉर्टच वाटतं. तो ट्रिप होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा ट्रिप होतो. इथे शॉर्ट खरोखर नाही. मग मर्यादा वाढवायची का? आधी ब्रेकरची थांबण्याची वेळ, पत्रकात दिलेल्या हद्दीत, थोडी वाढवून बघा. नाहीतर इंजिनं दोन विभागांत वाटून द्या. कपॅसिटर काही मिलिसेकंदांत भरतात, शॉर्ट मात्र तसंच राहतं. त्या फरकावरच ब्रेकर दोघांना ओळखतो.

क्रम असा असावा : विभागाचा ब्रेकर आधी, बूस्टर नंतर. समजा बूस्टर ५ अँपिअरचा आहे, तर विभाग ३ वर ठेवा आणि त्याची वेळ बूस्टरपेक्षा कमी ठेवा. म्हणजे एका कोपऱ्यात चाक घसरलं म्हणून सगळी मांडणी बंद पडणार नाही. वेळ दोघांची सारखीच ठेवली, तर दोघंही एकदम उडतात आणि दोष कुठे ते शोधत बसावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक ब्रेकर महाग वाटत असेल तर जुनी युक्ती आहे. विभागाच्या वायरीत मोटारीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब एकसर जोडा. आपल्याकडे वाहनांच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतो. थंड असताना त्याचा रोध कमी, म्हणून गाडी नीट चालते. शॉर्ट झालं की बल्ब पेटतो, त्याचा रोध वाढतो आणि धारा साधारण २ अँपिअरवर अडते. शिवाय कुठल्या विभागात शॉर्ट आहे ते बल्बच सांगतो! मात्र तो खूप तापतो. थर्माकोल, प्लायवूड किंवा वायरीला टेकू देऊ नका. आणि लक्षात घ्या, बल्ब धारा अडवतो, तोडत नाही. गाडी लगेच उचलायला हवीच.

भोसरी-चाकणला हाच धडा

आता टेबलावरून शेडमध्ये येऊ. तुमच्यापैकी अनेकांचे बाबा, काका, ताई अशा ठिकाणी काम करतात.

१० हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर पूर्ण भाराला साधारण १४-१५ अँपिअर घेते. पण चालू होताना क्षणभर तिची धारा सहा-सात पट होते. आपल्या गाडीतल्या कपॅसिटरसारखंच. म्हणून एमसीबीचे प्रकार असतात. बी प्रकार त्याच्या क्षमतेच्या ३ ते ५ पटीला तत्काळ उडतो, सी प्रकार ५ ते १० पटीला, डी प्रकार १० ते २० पटीला. घरातल्या दिव्यांना बी किंवा सी, जोरात सुरू होणाऱ्या यंत्रांना डी.

मोटरच्या संरक्षक ब्रेकरवर एक डायल असते. ती मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरला लावायची. मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून कोणी ती १४ वरून १८ वर फिरवतो. दोन आठवडे काम सुरळीत चालतं, मग मोटर जळते आणि रिवाइंडिंगला जाते. खरं कारण काय असतं? बेअरिंग अडलेलं, पट्टा जास्त ताणलेला, एखादा फेज गेलेला. ट्रिपने तेच सांगायचा प्रयत्न केलेला असतो.

माझ्या १० मीटर वायरीसारखं उदाहरणही इथे सापडतं. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ नक्की उडायला १६० अँपिअर लागतात. २३० ÷ १६० = सुमारे १.४४ ओहम. शेडच्या टोकापर्यंत बारीक केबल ओढली आणि सगळ्या मार्गाचा रोध २ ओहम झाला, तर शॉर्टमध्ये ११५ अँपिअरच येतील. एमसीबी तत्काळ उडेलच याची खात्री नाही, तो तापून उडेपर्यंत काही सेकंद जाऊ शकतात. तेवढ्या वेळात केबलचं आवरण पेट घेऊ शकतं.

आणि फ्यूजच्या जागी जाड तार बांधणं? ते तर मी माझ्या प्रदर्शनात केलं तेच. मी डायल फिरवली, कोणी तार बांधतो, एवढाच फरक. माझ्या चुकीत एक इंजिन गेलं. शेडमध्ये माणसं काम करत असतात.

आणखी एक. घरच्या किंवा कारखान्याच्या पॅनेलमधली सेटिंग तुम्ही स्वतः कधीच बदलायची नाही. ते काम परवानाधारक वायरमनचं. तुमचं काम प्रश्न विचारण्याचं : “ट्रिप का होतंय ते बघितलं का?”

थोडक्यात लक्षात ठेवा

• ट्रिप झालं तर आधी कारण शोधा, सेटिंग नंतर.
• रुळावरचं शॉर्ट ब्रेकर आणि बूस्टरने बघायचं, मोटरकडचं डीकोडरने.
• वायर जाड, जोड घट्ट आणि मर्यादा गरजेपुरतीच.
• प्रत्येक टोकाला नाण्याची कसोटी.
• सीव्ही बदलण्याआधी जुना आकडा वहीत.
• फक्त डिजिटल रूळ असतील तर सीव्ही २९ मधली डीसीची परवानगी बंद.

स्वाध्याय

१. रुळांवर १५ व्होल्ट आहेत. शॉर्टच्या मार्गाचा एकूण रोध ६ ओहम आहे. ३ अँपिअरचा ब्रेकर ट्रिप होईल का? एकूण किती वॅट उष्णता तयार होईल?
२. सीव्ही २९ चा आकडा ७ आहे. यात कोणकोणते स्विच चालू आहेत? डीसीची परवानगी काढल्यावर आकडा किती?
३. मोटर अडकली आहे आणि डीकोडर शांत आहे. पहिल्यांदा काय तपासाल?
४. घरातल्या मोठ्यांसोबत तुमच्या एमसीबीवर लिहिलेलं अक्षर आणि आकडा दुरूनच वाचा. त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढून थोडं थांबा. धारा किती आली ते बघा आणि स्वतःला विचारा, ब्रेकर गप्प बसला म्हणजे सगळं ठीक आहे का?

त्या मुलाच्या इंजिनाला आम्ही वर्गणी काढून नवीन बोगी आणि नवीन डीकोडर बसवला. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात टेबलाखालची सगळी वायर त्यानेच ओढली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात तो एक रुपयाचं नाणं द्यायचा आणि म्हणायचा, “कुठेही टेकवा.” कुठेही टेकवलं तरी गाडी थांबायची. तेव्हा तो हसायचा.

उत्तरं वहीत लिहून वर्गात दाखवा. काही अडलं तर बिनधास्त विचारा.